साहेब नसतानाचा मुहूर्त

दिनकररावांनी सिद्धोधनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला फाटकाबाहेर काढायचा हुकूम दिला.

सेलूत रेल्वे रुळांच्या पलीकडे शेतकऱ्यांच्या कंपनीचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून ही कंपनी उभी केली, आणि दिनकरराव तिचे पहिल्यापासूनचे व्यवस्थापक. त्या दिवशी कापसाचा हंगाम भरात होता. ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो यांची रांग फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली होती. अकरा वाजता संगणक विभागाच्या प्रमुखासाठी मुलाखती होत्या, म्हणून दिनकरराव लवकर येऊन खिडकीपाशी कागद लावत बसले होते. सहज बाहेर नजर गेली तर रांगेत एक अनोळखी माणूस फिरताना दिसला. तिशी ओलांडलेला, सावळा, अंगानं किरकोळ, बाह्या दुमडलेला निळा शर्ट. एका गाडीपाशी थांबे, ड्रायव्हरशी बोले, हसे, की निघाला पुढच्या गाडीकडे.

दिनकररावांच्या कपाळाला आठी पडली. कंपनीच्या रांगेतल्या गाड्या फोडून खासगी व्यापाऱ्याकडे नेणारे दलाल अगदी असेच फिरतात.

"बजरंग," त्यांनी फिटरला हाक मारली, "तो निळ्या शर्टाचा दलाल दिसतोय. बाहेर काढ त्याला."

बजरंग म्हणजे सहा फुटी गडी. जिनिंगची सगळी यंत्रं त्याच्या हाताखालची. तो तावातावानं गेला, आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा मिशी पुसत होता.

"काढलंस का?"

"न्हाई. तेनं चहा पाजला."

"म्हणजे?"

"माणूस चांगला हाय, काका. इचारायलाय की गाड्या कुठं अडतेत. आजपस्तोर आपल्याला कुणी इचारलं न्हाई, मग मीबी सांगत बसलो."

तासाभरानं तोच निळा शर्ट मुलाखतीच्या खोलीत चौथा उमेदवार म्हणून आला. समोर कंपनीचे अध्यक्ष किशनराव बसले होते. किशनराव पोखर्णीकडचे मोठे बागायतदार, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जावा. आधीच्या तीन उमेदवारांनी किती संगणक घ्यावे लागतील याचे आकडे सांगितले होते आणि ते ऐकून अध्यक्षांचा चेहरा आंबला होता.

"तुला किती लागतेल?" किशनरावांनी विचारलं.

"हायेत त्यातला एक कमी केला तरी चालतंय," सिद्धोधन खिल्लारे म्हणाला. "गाडी फाटकात आली की शेतकऱ्याचं नाव लिहितेत. काट्यावर परत लिहितेत. कापसाची प्रत बघणारा परत लिहितो, पावतीवाला परत. ते एकदाच लिहू. आन् रांगेतल्या माणसाला आपला नंबर कधी येणार ते कळत न्हाई, म्हणून तो उतरून काट्यावर येऊन उभा राहतो. तिथं वीस जण बोलायलेत आन् काट्यावरच्या ताईनं वजन बरोबर टाकावं म्हणता. कसं टाकंल?"

काट्यावरची ताई म्हणजे रेणुका. ती चहाचे कप घेऊन आत आली होती, ती दारातच थबकली. नोकरीला लागल्यापासून वजनातल्या चुकांबद्दल ती फक्त बोलणी खात आली होती. आपल्या बाजूनं बोलणारा माणूस कोण ते तिनं नीट पाहून घेतलं आणि सगळ्यांत भरलेला कप त्याच्यापुढे ठेवला.

*

सिद्धोधन मूळचा वालूरचा. वडील लवकर गेले. आई चांगुणाबाई कापूस वेचायला जायची, पुढे गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागली. परभणीत पदविका घेऊन तो पुण्याला गेला आणि एका मोठ्या कंपनीच्या तंत्रज्ञान विभागात आठ वर्षं राहिला. काम चांगलं होतं, बढतीही मिळत होती. पण आई काही पुण्याला टिकेना. दोनदा नेली, दोनदा परत आली. "तिथं लिफ्टमधी शेजारीण भेटती आन् खालचा मजला आला की संपती," एवढंच तिचं कारण. तिसऱ्यांदा तिला न्यायच्या ऐवजी बायको सुजाता आणि लहान मुलगी यांना घेऊन तोच वालूरला आला. सेलूच्या कंपनीची जाहिरात त्यानं गावात आल्यावर पाहिली.

दिनकररावांना वाटलं होतं, पुण्याचा माणूस आहे, आल्या आल्या काचेची केबिन मागेल. सिद्धोधननं पहिला महिना रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन काढला. जिनिंगच्या आवारात हवेत सतत रुईचे बारीक तंतू उडत असतात. ते माणसाच्या भुवयांवर बसतात, चहावर तरंगतात आणि संगणकाच्या पंख्यात जाऊन त्याचा श्वास कोंडतात. आधीचे दोन संगणक असेच गुदमरून गेले होते. सिद्धोधन एकेक उघडायचा, ब्रशनं झाडायचा. "ह्येच्या छातीत बघा काका, उशी निघंल," असं म्हणून दिनकररावांना दाखवायचा. मग त्यानं कार्यालयाला लागून एक बंद खोली करून घेतली, तिच्या दाराच्या फटींना रबर लावलं आणि मुख्य यंत्र आत ठेवलं. त्याची जोडी म्हणून काट्याच्या खोलीत कपाटात दुसरं एक साधं यंत्र ठेवलं. मोठ्यावर जे जे नोंदलं जाई त्याची नक्कल या धाकट्यावर उतरत राही. बजरंगनं त्यांची नावं पाडली, थोरला आणि धाकटा. पुढे हिशेबनीसही तसंच म्हणायला लागले.

पासवर्डचं प्रकरण याहून अवघड होतं. कंपनीत सगळ्यांचा पासवर्ड एकच, पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. किशनराव तर कापसाच्या ढिगावर उभे राहून ओरडायचे, "रेणुका, माझ्या नावानं उघड गं, नरसिंह एक दोन तीन." सिद्धोधननं सगळ्यांना तो बदलायला लावला. आठवडा गेला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांनी मिळून चहाच्या टपरीवर चर्चा करून नवा पासवर्डसुद्धा एकच ठरवलाय. देव तोच होता, फक्त पुढचे आकडे चार-पाच-सहा झाले होते.

"एकमेकाला इसरला तर सांगता यावा म्हणून," बजरंगनं समजावलं.

सिद्धोधन रागावला नाही. तो इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं किशनरावांना विचारलं, "अध्यक्ष, तुमच्या घराला कुलूप हाय ना? मग किल्ल्या समद्या गावाकडं एकसारख्या का न्हाईत?" पंचवीस एकर बागायत सांभाळणाऱ्या किशनरावांना हे लगेच कळलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची किल्ली वेगळी झाली.

*

पण सिद्धोधनची यार्डात जी ख्याती झाली ती त्याच्या खोडीमुळे.

महिन्यातून एकदा, कधी ते कुणालाच ठाऊक नसे, तो कुठली तरी वायर उपसायचा किंवा एखादं यंत्र बंद करायचा आणि कुणाला न सांगता फाटकासमोर गोपाळच्या टपरीवर जाऊन बसायचा. तिथून यार्ड दिसतं. आता ह्यांचं काय काय होतं ते बघायचं. तो त्याला तालीम म्हणायचा. तालमीचे नियम दोनच. साहेबांना फोन लावायचा नाही. आणि कशालाही हात लावायच्या आधी आपण काय करतोय ते मोठ्यानं बोलायचं, म्हणजे शेजारच्याला कळतं आणि चुकत असलो तर तो थांबवतो.

पहिल्या तालमीला कल्लोळ झाला. रेणुका रडली, बजरंगनं ज्याचा काही संबंध नव्हता तो पंखा उघडला, आणि किशनराव टपरीवर येऊन म्हणाले, "पगार देऊन आमी चोर पाळायलोय काय?"

"चोर आलाच तर काय करायचं ते शिकायलोय," सिद्धोधन म्हणाला. "बसा, चहा घ्या."

दुसऱ्या खेपेला जरा बरं झालं. चौथ्या खेपेला रेणुकानं धाकटा सुरू करून काटा पुन्हा चालू केला, तोवर टपरीवर सिद्धोधनचा चहा संपला नव्हता. रांगेतल्या शेतकऱ्यांनाही गोडी लागली. काटा जरा थांबला की कुणीतरी ट्रॅक्टरवरून ओरडायचा, "आज काय उपसलंय, साहेब?" पैज लागायची. आधी काटा थांबला की लोक शिव्या द्यायचे, आता बिडी शिलगावून मजा बघायचे. दिनकररावांनी चाळीस वर्षांत पुष्कळ हाताखालची आणि वरची माणसं पाहिली होती. आपल्यावाचून लोकांचं अडू नये म्हणून एवढा खटाटोप करणारा माणूस त्यांना ह्या वयात भेटला, याची त्यांना मौज वाटायची.

तरीही दसऱ्याची टांगती तलवार होतीच. दसऱ्याला कंपनी कापूस खरेदीचा मुहूर्त करते. आदल्या वर्षी, सिद्धोधन यायच्या आधी, ऐन मुहूर्ताला यंत्रणा बसली होती आणि नारळ फोडून झाल्यावर अर्धी रांग वळून खासगी यार्डात गेली होती. किशनरावांना तो घाव विसरता येत नव्हता. संचालकांच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगितलं: यंदाच्या मुहूर्ताला सगळं नीट चाललं तर हा विभाग राहील. नाही चाललं तर विभाग बंद, काम बाहेरच्या एखाद्या फर्मला कंत्राटानं. म्हणजे सिद्धोधनला पुन्हा पुणं, आणि चांगुणाबाईला पुन्हा वालूरच्या घरात एकटं राहणं.

आणि अशात भाद्रपदात सिद्धोधननं रजेचा अर्ज आणला. दसऱ्याची रजा.

दिनकररावांनी चष्मा काढून अर्ज पुन्हा वाचला. "अरे, कुठल्या दिवशीची मागायलायस?"

"आईला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचंय, काका. ती नवी नवरी असताना गेली व्हती, त्यानंतर न्हाई. कधी वेचणी, कधी शाळा, कधी मी पुण्यात. औंदा शब्द दिलाय."

"पुढल्या वर्षी ने."

"ती आता गुडघ्याला धरून चालती," सिद्धोधन म्हणाला. "पुढलं वर्ष मी तिला कसं सांगू?"

किशनरावांना कळलं तेव्हा ते कार्यालयाच्या दारातूनच बोलले. "नवरदेव नागपूरला आन् वरात सेलूत? असं लगीन मी बघितलं न्हाई."

"नवरदेव मी न्हाई, अध्यक्ष. काटा हाय. तो हितंच राहणार."

"बुडालं तर?"

"तर तुमी ठरवलंय तेच व्हईल. मी पिशवी भरून ठेवतो."

तो हे हसत म्हणाला, पण दिनकररावांनी पाहिलं की त्याचा हात टेबलावरचा रिकामा कप उगाच फिरवत होता. त्यांनी अर्जावर सही केली. आपल्या सहीनं एक घर हलू शकतं हे ठाऊक असताना केलेली सही होती ती, आणि त्या रात्री त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं की काही होत नाही, सगळं नीट होईल. तिनं काही विचारलं नव्हतं.

*

खंडेनवमीला जिनिंगमध्ये यंत्रांना सुट्टी असते. सकाळपासून धुणं-पुसणं, मग हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, आणि पूजा आटोपली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. बजरंग त्या दिवशी वेगळाच माणूस असतो. पांढरी टोपी, नवा सदरा. जिनचा प्रत्येक रोलर आंघोळ झाल्यासारखा चकचकीत करतो, कॉम्प्रेसरच्या नळीनं कानाकोपऱ्यातली रुई उडवतो, आणि माळ घालताना यंत्राशी बोलतो.

सिद्धोधन पूजेला बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी आग्रहही करत नसे. "पूजा तुमची, पुसणं माझं," तो म्हणायचा, आणि संगणक पुसायला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं सगळं झाडून ठेवलं, धाकट्यावर नक्कल उतरल्याची खात्री केली, थोरला बंद केला आणि खोलीची किल्ली दिनकररावांच्या हातात दिली.

"खोलीच्या दाराला माळ घाला. आत जायचं न्हाई," त्यानं बजरंगला सांगितलं.

"आमाला कळतंय, साहेब. जावा तुमी, आजीला घेऊन."

वालूरच्या लोकांनी ठरवलेली गाडी संध्याकाळी फाटकासमोरून गेली. खिडकीत चांगुणाबाई पांढऱ्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या. त्यांनी दिनकररावांना जयभीम केला. दिनकररावांनीही हात जोडले, आणि गाडीचा निळा झेंडा वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले.

परत फिरले तर बजरंग पुढे उभा.

"काका, किल्ली द्या. थोरल्याला कुंकू लावून येतो."

"दाराला लावलंस ना?"

"दाराला लावलं. पण काका, समद्या यंत्राच्या अंगाला लागलं आन् जे समद्यात मोठं, तेच कोरडं. बरं दिसतंय का?"

ह्यात काही बिघडेल असं दिनकररावांना वाटलं नाही. त्यांनी किल्ली दिली आणि ते घरी गेले.

*

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता यार्ड सजलं होतं. आंब्याचं तोरण, रांगोळी, रांगेत सगळ्यांत पुढे मुहूर्ताची बैलगाडी, शिंगांना रंग दिलेले बैल. तिच्यामागे गाड्या रस्त्यापर्यंत. किशनराव फेटा बांधून आले होते.

रेणुकानं थोरल्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. एक बारीक दिवा लागला आणि विझला.

"गेला," ती म्हणाली. मग वळून दिनकररावांकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं होतं तशी ती घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "सर लय वस्ताद हायेत. नागपूरला जाता जाता काही तरी उपसून गेले. मुहूर्ताला तालीम."

दिनकररावांनाही क्षणभर तेच वाटलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष दारातल्या बजरंगकडे गेलं. सहा फुटी माणूस चौकटीला धरून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. दिनकररावांनी त्याला हाताला धरून तोरणाखाली नेलं.

"काय केलंस?"

"काका, हळदकुंकू लावायला झाकण उघडलं. आत रुई दिसली. मनात आलं, सण हाय. समद्यांना आंघोळ घातली. ह्यालाच का उपाशी ठेवायचं." तो खाली बघत म्हणाला, "कॉम्प्रेसर मारला."

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेबरोबर पाणी साचतं. ते रोज सोडावं लागतं. सणाच्या गडबडीत ते सोडायचं राहून गेलं होतं. जिनच्या लोखंडाला त्या फवाऱ्याचं काही वाटत नाही. थोरल्याच्या पोटात मात्र तो नाजूक पाट्यांवर बसला, आणि वरून हळद.

"साहेबाची नोकरी खाल्ली मी," बजरंग म्हणाला. "जाऊन समद्यांना सांगतो."

दिनकररावांनी मागे वळून पाहिलं. आत रेणुका धाकट्याच्या कपाटाकडे निघाली होती, हलक्या पावलांनी, खेळायला निघाल्यासारखी. तिला खरं सांगितलं तर ह्या पावलांचं काय होईल ते त्यांना दिसत होतं.

"सांगायचंच आहे," ते म्हणाले. "पण मुहूर्त झाल्यावर. आत्ता तिला खेळू दे."

रेणुका मोठ्यानं बोलायला लागली होती. "थोरल्याकडं जाणारी वायर काढायले. काढली. धाकटा चालू करायले." तिचा आवाज काट्याच्या खोलीतून यार्डात येत होता. "फाटकावर नावं टाकायचा फोन आता धाकट्याला जोडायचाय. बजरंगभाऊ, फाटकावर जाऊन बघा, नावं दिसायलेत का?"

बजरंग पळाला. त्याच्या अंगात काही तरी करायला मिळाल्याचा जोर आला होता.

किशनराव फेटा सावरत आले. "काय चाललंय? लावा त्या खिल्लारेला फोन." त्यांनी स्वतःच लावला. नागपूरच्या गर्दीत फोन कुठून लागणार. त्यांनी तो दुसऱ्यांदा लावायच्या आत दिनकररावांनी हात धरला.

"अध्यक्ष, नियम आहे. फोन लावायचा नाही."

"म्हंजी ही तेची खोड?"

दिनकरराव आयुष्यात थेट खोटं फार कमी वेळा बोलले होते. "तसंच समजा," ते म्हणाले.

किशनरावांनी फोन खिशात टाकला. मग रांगेकडे पाहिलं. आदल्या वर्षी ह्याच वेळी तिथल्या गाड्या वळायला लागल्या होत्या. यंदा एकही हललेली नव्हती. बातमी मागपर्यंत पोचली होती आणि ट्रॅक्टरांवर हशा चालला होता.

"दसऱ्यालाबी सोडलं न्हाई का साहेबानं?"

"अरे, तेनं दोन किलो जिलबीची पैज लावली असंल."

"रेणुकाताई जिंकणार. आपण तिच्याकडून."

"पूजेचा वेळ जरा वाढलाय," किशनरावांनी फेटा घट्ट करत रांगेला जाहीर केलं, आणि ते बैलांच्या गळ्यावर हात फिरवत उभे राहिले.

फाटकावरून बजरंगचा आवाज आला, "नावं आली." रेणुकानं काट्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गाडी घ्या." नारळ फुटला. मुहूर्ताची बैलगाडी काट्यावर चढली, वजन पडलं, प्रत नोंदली गेली, आणि शेतकऱ्याच्या हातात पावती आली. त्याचं नाव तिच्यावर एकदाच लिहिलेलं होतं, फाटकात लिहिलेलं. मागचा ट्रॅक्टर सुरू झाला, त्याच्या मागचा, त्याच्या मागचा. दुपारी रांग संपली तेव्हा यार्डात पांढरा डोंगर उभा होता आणि रेणुकाच्या पुढ्यात कुणी तरी आणून ठेवलेली जिलबी होती.

मग बजरंगनं सांगितलं. किशनरावांसमोर, टोपी हातात घेऊन, काही न गाळता. रेणुकाच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

"म्हणजे ती तालीम नव्हती?" ती म्हणाली. तिनं जिलबी खाली ठेवली आणि ती खुर्चीत बसली. "मला आधी सांगितलं असतं तर मी मेलेच असते."

"म्हणून तर नाही सांगितलं," दिनकरराव म्हणाले. "आणि किल्ली मी दिली होती. अर्धी चूक माझ्या नावावर लिहा."

*

सिद्धोधन दुसऱ्या दिवशी आला. त्यानं थोरल्याचं झाकण उघडलं, आतल्या हळदीकडे पाहिलं, बोटानं थोडी पुसली. बजरंग मान खाली घालून उभा होता.

"टाकीतलं पाणी सोडलं नव्हतंस?"

"न्हाई, साहेब."

"मी तुला आत जाऊ नको म्हणलं. का जाऊ नको ते सांगितलं न्हाई. माझीबी चूक हाय." मग त्याला हसू आवरेना. "पण बजरंग, तू मोठ्यानं बोलून केलं असतंस ना, 'आता मी थोरल्याला आंघोळ घालायलोय' म्हणून, तर काका घरून पळत आले असते."

बजरंगला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही थोडं थोडं केलं.

संचालकांची बैठक त्याच आठवड्यात झाली. किशनरावांनी पान लावत विषय काढला. "आमचा मुहूर्त नीट झाला. पण एक दिक्कत हाय. मोठं यंत्र बंद, साहेब नागपूरला, तरी समदं चाललं. मग तुझी गरजच काय रे, खिल्लारे? न चुकता बसून राहायचा पगार द्यायचा व्हय तुला?"

दिनकररावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. अध्यक्षांच्या थट्टेतून पुष्कळदा निर्णय निघतात, हे त्यांना माहीत होतं.

"व्हय," सिद्धोधन म्हणाला. "आन् दिवाळीला बोनस."

मग किशनरावांना ठसका लागला, पान बाजूला ठेवावं लागलं, आणि हसणं खोलीभर झालं. हसू ओसरल्यावर सिद्धोधन शांतपणे बोलला. "अध्यक्ष, मी नसलो की बंद पडावं असं करून ठेवणं सोपं असतंय. मग तुमी मला काढणारच न्हाईत. मला तसं राहायचं न्हाई. रेणुकाला माझ्या हाताखालची अधिकारी करा. सोयाबीनचं गोदामबी ह्याच यंत्रणेत आणू. थोरला दुरुस्त व्हईल, तोवर धाकटा सांभाळतोय."

किशनरावांनी कुणाकडे न पाहता हात वर केला. बाकीचे वर झाले. विभाग राहिला. रेणुकाच्या बढतीचा ठरावही त्याच दिवशी लिहिला गेला, आणि बजरंगला यंत्रं पुसायला मऊ ब्रशांचा एक संच मंजूर झाला. हा विषय किशनरावांनी स्वतः घातला होता.

त्या संध्याकाळी दिनकरराव सिद्धोधनबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. "आई खूश झाल्या का?" त्यांनी विचारलं.

"परत येताना गाडीत समद्या बायांना गाणी म्हणायला लावली. हिंगोली येईपस्तोर कुणाला झोपू दिलं न्हाई," तो म्हणाला. "गुडघे दुखायलेत म्हणून सांगत नव्हती. कालपासून मात्र सांगायली."

आता सिद्धोधन आठवड्यातून एक दिवस मानवतच्या एका शेतकरी कंपनीलाही जातो, तिथली माणसं तयार करायला. त्या दिवशी सेलूचं काम रेणुका बघते. तो वालूरलाच राहतो. सकाळी साडेआठला मोटारसायकलवरून सेलूला येतो आणि संध्याकाळी सहाला घरी जातो.